पंचवीस वर्षांची सुट्टी आणि अर्धं तिकीट

मॉलच्या दारात काचेचा डबा दिसला की आमच्या ह्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, पेन काढायला. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, बक्षीस कशाचं आहे ते विचारायचं नाही. चिठ्ठीवर नाव, पत्ता, मोबाईल नंबर लिहायचा, घडी घालायची आणि आत टाकायची. सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, दिवसाला दोनदोनशे चलनांवर सह्या केल्या, त्यामुळे रिकामी रेघ दिसली की ह्यांना राहवत नाही. बाकीच्या बायकांचे नवरे रिटायर झाल्यावर बागेत फिरायला जातात, नाहीतर आजारी तरी पडतात. आमचे हे चिठ्ठ्या टाकतात.

आजवर या उद्योगातून घरात काय आलं? किल्ल्या अडकवायचं एक कीचेन आणि दिवसाला सात फोन. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, गुडघे तपासून घ्या. फोनवरच्या त्या पोरींशी हे इतकं गोड बोलतात की लग्नाच्या अडतीस वर्षांत मला एवढं गोड ऐकल्याचं आठवत नाही. मी मेथीत मीठ जास्त पडलं म्हणून विचारलं तर "हूं." आणि तिकडे "नाही नाही मॅडम, बोला ना, मी फ्रीच आहे!"

तर मेच्या पहिल्या आठवड्यात असाच एक फोन आला. मी भाकरी थापत होते. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण चांगली बातमी एकट्याने ऐकायची सवय नाही.

"मल्हारी सर बोलताय का? अभिनंदन सर! तुम्हाला गिफ्ट लागलंय. हरितछाया हॉलिडेजकडून. येत्या रविवारी अकरा वाजता मॅडमना घेऊन या. दोघं पाहिजेत हं सर, जोडप्यानेच. वय तीस ते साठच्या आत. आधार कार्ड आणा."

"गिफ्ट काय आहे?" मी तव्यावरून ओरडले.

"प्रेशर कुकर, मॅडम. पाच लिटर."

आता खरं सांगते, कुकर म्हटल्यावर मीही तवा सोडून फोनजवळ आले. आमच्या कुकरची शिट्टी दीड वर्षापासून वाजत नव्हती, नुसती उसासे टाकत होती.

पण या सगळ्याच्या आधी मी एक गोष्ट करून बसले होते, ती सांगायला हवी. माझी नात मनाली. नाव मनाली, पण घरातलं कुणी मनालीला गेलेलं नाही, इगतपुरीच्या पलीकडेही फारसं कुणी गेलेलं नाही. तिने दहावीची परीक्षा दिली आणि जुलैत ती पुण्याला डिप्लोमाला जाणार, होस्टेलवर. एकदा होस्टेलला गेलेलं पोर पाहुण्यासारखं घरी येतं, हे मी शेजारपाजारी बघितलेलं आहे. म्हणून जयंतीच्या दिवशी विहारात, खीर वाटताना, मी पन्नास बायकांसमोर बोलले, "या मे महिन्यात मी माझ्या नातीला फिरायला नेणार. सगळं घर नेणार." मनालीने ऐकलं. तिने तिच्या मैत्रिणींना सांगितलं. आता शब्द मागे घेणं म्हणजे नाक कापून हातात देणं.

आणि मे म्हणजे सगळा मे नव्हे. माझा मुलगा प्रफुल्ल ज्या कारखान्यात आहे तो वर्षातून एकदाच, मे महिन्यातल्या दुसऱ्या आठवड्यात, मेंटेनन्ससाठी बंद राहतो. तेवढाच आठवडा त्याला सुट्टी. बाकी वर्षभर रजा मागितली की सुपरवायझर असं बघतो जणू त्याची किडनी मागितली.

ह्यांना फोन आला त्याच संध्याकाळी आमची सून साक्षी मोबाईल घेऊन आली. "आई, हे बघा. घाटाखाली धबधबा नगरी म्हणून मोठं पार्क आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं. दोन दिवस, एक रात्र, खोली, नाश्ता, जेवण. फॅमिली पॅकला चाळीस टक्के सूट. चार जणांचा पॅक आणि पाचवा सीनियर सिटिझन असेल तर त्याला अर्धं तिकीट."

"सूट कशातून देतात?" मी विचारलं. "आधी भाव वाढवायचा, मग सूट द्यायची. साडीवाल्याचं असंच असतं."

"आई, दहा तारखेपर्यंतच आहे ही ऑफर."

झालं, घराचे दोन पक्ष पडले. हे म्हणायला लागले, "दोन दिवस उड्या मारून परत यायचं, त्याला काय सुट्टी म्हणतात? हरितछायाची मेंबरशिप घेतली तर दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं! खोली आपली!" साक्षी म्हणाली, "बाबा, पंचवीस वर्षांचं एकदम कुठे ठरवता?" प्रफुल्ल बायको आणि बाप यांच्यामध्ये बसला की टीव्ही बघतो, बंद असला तरी.

ही बातमी कॉलनीत पसरायला अर्धा तास लागला. शेजारचा धम्मपाल सरकारी कचेरीत कारकून आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर हरितछायाचं नारळाच्या झाडाचं स्टिकर आहे, ते तो रोज सकाळी गाडीच्या आधी पुसतो. तो आला आणि आमच्या ओट्यावर पाय पसरून बसला.

"काकू, मी सहा वर्षांचा मेंबर आहे. जगायचं कसं ते शिका. आयुष्यभर काय घासणी आणि भांडी?"

"भांडी तू घासतोस का?" मी विचारलं.

"तसं नाही काकू. पण एक क्लास असतो. रिसेप्शनला गेलं की 'वेलकम होम, सर' म्हणतात."

"घरीच आहोत तर होमला जायचं कशाला?"

तोवर समोरच्या साधनाबाई आल्या. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे मेंबरशिप, उजवीकडे पार्क. पण त्यांचंही शिक्षकाचंच डोकं, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायला लागल्या. "हवापाणी: दहापैकी आठ. जेवण: दहापैकी पाच." शेवटी दोन्हीकडे एकसष्ट गुण झाले आणि त्यांनी दोघांनाही पहिल्या वर्गात पास करून टाकलं. सल्ला मागायचा तर शिक्षकाकडे मागू नये, ते कुणाला नापास करत नाहीत हल्ली.

साक्षीने पार्कचं बुकिंग करायला घेतलं आणि तिथेच पहिली पाचर बसली. सीनियर सिटिझन म्हणजे साठ पूर्ण. हे एकोणसाठचे. आणि माझं आधार कार्ड म्हणतं, जन्म एक जानेवारी, वय अठ्ठावन्न.

आधार काढायचा कॅम्प लागला होता तेव्हा त्या पोराने विचारलं, "आजी, जन्मतारीख?" मी म्हटलं, "दुष्काळाच्या साली मी शेळ्या वळत होते." त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि एक जानेवारी टाकून दिली. आमच्या गल्लीत नऊ बायकांचा वाढदिवस एक जानेवारीला येतो. वर्षं मात्र त्याच्या मर्जीने. पण हिशेब करा, त्या कार्डाप्रमाणे दुष्काळात मी पाच वर्षांची होते. पाच वर्षांच्या पोरीच्या हाती सतरा शेळ्या कोण देईल?

"माझं वय अर्ध्या तिकिटाचं आहे," मी सांगितलं, "आणि ते मी सिद्ध करीन." तिकिटाचे पैसे वाचतील म्हणून नव्हे. माझ्या वयातली काही वर्षं एका पोराने खाल्ली, ती मला परत हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी सिन्नरची एसटी धरली, पुढे जीपमध्ये अकरा माणसं आणि एक गॅसची शेगडी यांच्यामध्ये बसून माहेरच्या गावी गेले. तिथल्या शाळेत मी तिसरीपर्यंत होते. दुष्काळ आला, वडिलांनी खडी फोडायच्या कामावर नेलं, शाळा सुटली. पुढचं वाचायला मी विहारातल्या बायकांच्या वर्गात शिकले. सावकाश वाचते, बोट ठेवून, मोठ्याने. पण वाचते. आणि त्या वर्गात एक गोष्ट मी मनाशी ठरवली, अंगठा कधी द्यायचा नाही, सही करायची, आणि स्वतः वाचल्याशिवाय सही करायची नाही. घरात सगळे या सवयीला हसतात. गॅसवाल्याची पावती वाचायला मला सहा मिनिटं लागतात आणि तोवर तो सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा असतो.

हेडमास्तर तरुण होते. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, त्याचे कोपरे उंदरांनी शिकून टाकलेले. नाव सापडलं. पण माहेरचं.

"आई, रजिस्टरमध्ये कुसा रामजी. तुमच्या आधारवर कुसाबाई मल्हारी. ही कुसा तुम्हीच हे कशावरून? प्रतिज्ञापत्र करून आणा, दोन साक्षीदार आणा, मग बघू."

मी म्हटलं, "मास्तर, ते पान झाका हाताने. माझ्या नावाच्या पुढची नावं मी म्हणून दाखवते. काळू सखाराम. भागी तुकाराम. विठू नाथा, तो रडका होता. गंगी धोंडू, तिचा पोरगा पुढं मिलिटरीत गेला. दगडू लक्ष्मण..."

मास्तरांनी बोटं थोडी बाजूला करून बघितलं. पुन्हा झाकली. मग सरळ दाखला लिहायला घेतला. हजेरी रोज घेतली जायची हो, पन्नास वर्षांत विसरते का माणूस?

दाखल्यावर जन्मतारीख होती. मी बासष्ट वर्षांची निघाले. आणि खाली दोन ओळी होत्या. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शिक्का गोल, निळा, स्पष्ट. मी तो जीपमध्ये तीनदा वाचला. शेगडीवाल्या बाईलाही वाचून दाखवला.

घरी आले, दाखला टीपॉयवर ठेवला आणि साक्षीला म्हटलं, "कर बुक. बासष्ट."

हे चहा पीत होते. बशी तोंडाजवळ थांबली. "बासष्ट? मी एकोणसाठ. म्हणजे तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी वय सिद्ध करायला गेले आणि नवऱ्याहून मोठी होऊन आले.

पुढचे दोन दिवस हे नुसते हसत होते. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. मला वाकून नमस्कार करून दाखवला. धम्मपाल ओट्यावरून म्हणाला, "काकू, आता काकांना नावाने हाक मारायला हरकत नाही!"

"अडतीस वर्षांत माझ्या तोंडून ते नाव निघालं नाही," मी म्हटलं, "आणि एका कागदापायी निघणार नाही. तू तुझं स्टिकर पूस."

पण ह्यांचं हसणं एका गोष्टीवर येऊन थांबलं. रविवारी कुकर होता, आणि कुकरला वय साठच्या आत लागत होतं. हे माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ऐक ना. रविवारपर्यंत अठ्ठावन्नची राहा. सोमवारपासून बासष्टची हो. काय बिघडतं?"

"आणि पार्कचं?"

"पार्क राहू दे गं. मेंबरशिप घेतली की याच मेमध्ये महाबळेश्वरला जाऊ. आठवडाभर. मनालीला दोन दिवस द्यायचे की सात?"

आता हा मुद्दा खरा होता. पोरीला सात दिवस मिळत असतील तर दोन कशाला? मी साक्षीला म्हटलं, रविवारपर्यंत थांब, बुकिंग करू नको. साक्षीने तोंड वाकडं केलं. दहा तारीख शनिवारी होती की सोमवारी हे तिने मला दोनदा सांगितलं. सोमवारी होती.

रविवारी अकरा वाजता मुंबई-आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. मी इरकल नेसले होते. पर्समध्ये आधार होतं आणि दाखलाही होता, तो मी तेव्हापासून सोबतच ठेवते. हॉलमध्ये वीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक कोटवाला. आमच्या वाट्याला पल्लवी मॅडम आल्या. गोड पोरगी. आधी सरबत दिलं, मग समुद्राचे फोटो दाखवले, मग विचारलं, "काकू, तुम्ही शेवटचं स्वतःसाठी कधी जगलात?"

"सकाळी," मी म्हटलं. "दहा मिनिटं. मग नळाला पाणी आलं."

त्यांनी समजावलं. वर्षातला एक आठवडा खोली तुमची, पंचवीस वर्षं.

"आणि उरलेले एक्कावन्न आठवडे?"

"ते इतर मेंबर्सचे, काकू."

"म्हणजे त्या गादीवर एक्कावन्न घरची माणसं लोळणार आणि गादी माझी?"

"काकू, चादरी बदलतात."

मग त्यांनी रंगीत पुस्तिका काढली. मेंबरशिपचे गट होते, जांभळा, लाल, पांढरा, निळा. "सर, तुम्हाला कुठला आवडेल?"

आता निळा रंग दिसला की ह्यांची छाती दोन इंच फुगते, आणि ते बरोबरच आहे, माझीही फुगते. जयंतीला आमच्या कॉलनीत दुसरा रंगच नसतो. पण झेंडा निराळा आणि खोलीचं बुकिंग निराळं हे माणसाला कळायला नको का? ह्यांनी किंमतसुद्धा विचारली नाही. पुस्तिकेवर बोट आपटून म्हणाले, "निळा! निळा म्हणजे आपला!"

पल्लवी मॅडमच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं असं मला वाटलं, इतक्या त्या खूश झाल्या. कागद पुढे आले. ह्यांच्या हातात पेन होतंच. एक सही, दोन सह्या, तिसरी. स्टोअरचा वेग. मग कागद माझ्याकडे सरकला.

"काकू, इथे, इथे आणि इथे."

"मी वाचून घेते," मी म्हटलं.

"हो हो, काकू. इंग्रजीत आहे, मी थोडक्यात सांगते ना..."

"मराठीत असेल की."

मराठीत होतं. कपाटातून शोधून आणावं लागलं, वरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. एकोणचाळीस पानं. मी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. "सदर... करारनामा... हा... खालील... उभय... पक्षांमध्ये..."

मला मनात वाचता येत नाही. मनात वाचायला गेले की अक्षरं पळतात. मोठ्यानेच वाचावं लागतं. सव्वाबाराला मी पान चारवर होते. हे टेबलाखालून मला पाय मारत होते. पल्लवी मॅडमनी दुसरं सरबत आणलं, मग तिसरं. शेजारच्या टेबलावरचं जोडपं आधी हसलं, मग ऐकायला लागलं, मग खुर्ची ओढून आमच्याकडेच आलं. कारण कोटवाले जे सांगत होते आणि मी जे वाचत होते ते एकमेकांशी जुळत नव्हतं. पान अकरापर्यंत माझ्याभोवती चार जोडपी झाली. एका गृहस्थांनी सांगितलं, "आजी, जरा मोठ्याने. मागे ऐकू येत नाही."

पान सतरा. मी बोट ठेवलं. "पंधरा... एप्रिल... ते... पंधरा... जून... हा... जांभळा... हंगाम... असून... निळ्या... गटातील... सभासदांस... या... हंगामात... आरक्षण... मागता... येणार... नाही."

मी चष्मा काढला. "पल्लवीताई, आम्ही कुठल्या गटात?"

"निळ्या, काकू. पण बघा ना, पावसाळ्यात इतकं सुंदर असतं! जुलै, ऑगस्ट..."

"जुलैत माझी नात होस्टेलला. आणि माझ्या मुलाचा कारखाना मेमध्येच बंद. आम्हाला वर्षात एक आठवडा मिळतो आणि तुम्ही नेमका तोच सोडून बाकीचे देता." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेन खिशात घातलं, उलटं, टोपण न लावता. "आणि पंचवीस वर्षांनी मी सत्त्याऐंशीची होईन. तेव्हा कुठल्या रंगाच्या खोलीत नेणार मला?"

"त्र्याऐंशी, काकू," पल्लवी मॅडमनी फॉर्म बघून सांगितलं. "तुमचं वय अठ्ठावन्न आहे ना?"

हे कासावीस झाले. डोळ्यांनी कुकर, कुकर असं सांगत होते. पण खोटं बोलून भात शिजवायचा, तो मला गिळला नसता. मी पर्स उघडून दाखला टेबलावर ठेवला. "कार्डावर अठ्ठावन्न. शाळेत बासष्ट. खाली वाचा, वर्तणूक चांगली."

नियमाने आम्हाला कुकर मिळायला नको होता. पण तोवर बाकीची जोडपी आपापल्या कोटवाल्यांना विचारायला लागली होती, आमचा गट कुठला, आमचा हंगाम कुठला, मराठीतला करार आणा. पल्लवी मॅडम स्वतः आत गेल्या, कुकर घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला. "काकू, हा घ्या. आणि प्लीज आता घरी जा."

जाताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "काकू, माझी आई पण अशीच आहे." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. नोकरी आहे, करावी लागते. सह्यांचे कागद मी मागून घेतले, माझी सही नव्हती म्हणजे ते कोरेच. आता डाळीच्या फळीवर अंथरलेत.

घरी पोचलो तर धम्मपाल गाडी पुसत होता. मी कुकर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुझा गट कुठला रे?"

"निळा, काकू."

"आणि तुला कचेरीतून सुट्टी कधी मिळते?"

"मेमध्ये. नाहीतर दिवाळीत."

"सहा वर्षांत कुठं कुठं गेलास?"

त्याने फडकं घडी केलं. पुन्हा उघडलं. "एकदा. ऑगस्टमध्ये. आजारीपणाची रजा टाकून. चार दिवस धुक्यात समोरची इमारतसुद्धा दिसली नाही, काकू." मग अगदी हळू, "पण 'वेलकम होम' म्हणाले हो."

मी त्याला जेवायला बोलावलं. नव्या कुकरचा भात होता.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, साक्षीने धबधबा नगरी बुक केली. पार्क काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं, तेही सांगते. फोटोत खोली पार्कच्या आत दिसत होती, प्रत्यक्षात ती पाऊण तास लांब निघाली. पाच माणसं, दोन खाटा. प्रफुल्ल कपाट आणि भिंत यांच्यामध्ये झोपला आणि रात्रभर कपाटाचं दार त्याच्या कपाळावर उघडत होतं. जेवणाचं कूपन बारा ते सव्वाएक एवढंच चालायचं, आणि रांग बारा ते सव्वाएक एवढीच होती.

दारावरच तिकीटवाल्याने अडवलं. "आजी, सीनियरला आधार लागतं. हे शाळेचं काय दाखवता?"

"आधार एका पोराने अंदाजाने लिहिलंय. हे मास्तरांनी लिहिलंय."

"सिस्टीममध्ये शाळेचा दाखला नाही."

"मग सिस्टीमला शाळेत घाल."

मागे रांग वाढली. मनाली लाजून पार लाल झाली, "आजी, राहू दे ना, आपण पूर्ण देऊ." मी म्हटलं, नाही. तिकीटवाल्याने साहेबाला बोलावलं. साहेब माझ्याच वयाचे होते. त्यांनी दाखला हातात घेतला, वाचला, सावकाश, आणि स्वतःचं कार्ड काढून दाखवलं. जन्म, एक जानेवारी.

"माझाही कुणीतरी अंदाजच केलाय," ते म्हणाले. "द्या रे आजींना अर्धं."

आत गेल्यावर शेवटचं संकट. पाण्यात साडी चालत नाही. नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायचे, लेगिंग आणि वर लांब झगा. मी म्हटलं, मी पिशव्या सांभाळते. सगळ्या सहलींमध्ये एक बाई पिशव्या सांभाळते, ती मी. मनाली माझ्यासमोर पिशवीवर बसली.

"मग मी पण नाही जात."

"अगं, तुझ्यासाठीच तर आलोय."

"तू विहारात काय बोललीस? फिरायला नेणार बोललीस. पिशव्या सांभाळणार नाही बोललीस." पोरगी मोठी झाली आणि तिची जीभ कुणावर गेलीय हे मला त्या क्षणी कळलं.

तर मी नायलॉन घातलं. हे मी इथे लिहिते आहे, पण कॉलनीत कुणी विचारलं तर नाकारणार आहे. सगळ्यात उंच घसरगुंडीला आम्ही तिघं चढलो, मी, मनाली आणि हे. वर पोचल्यावर ह्यांनी खाली बघितलं आणि तिथल्या माणसाला विचारलं की जिना उतरून जाता येतं का. मी ह्यांचा दंड धरला आणि बसले. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी "आई गं" ओरडत होतं, सगळा वेळ, एका दमात. खाली पाण्यात पडल्यावर मला वाटलं तो आवाज माझाच. पण माझं तोंड बंद होतं आणि ह्यांचं उघडं.

मनाली इतकी हसली की तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत म्हणाली, "आजी, परत!" आम्ही अकरा वेळा गेलो. हे दहा वेळा खाली उभे राहून टॉवेल धरत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो. सगळे भिजलेले, भाजलेले, दमलेले. मनाली माझ्या खांद्यावर डोकं टेकून चालत होती. बाहेर पडायच्या दारातच एक काचेचा डबा होता. 'सोनेरी वार्षिक सभासदत्व जिंका.' शेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा, दोरीला बांधलेलं पेन.

मी बघते तो ह्यांची पावलं तिकडे वळलेली. हातात पेन आलेलं. नाव लिहून झालेलं, मोबाईलचे चार आकडेही.

"मल्हारी!"

आधी हे मागे वळून बघायला लागले, कोण हाक मारतंय म्हणून. प्रफुल्लच्या हातातली पिशवी खाली पडली. साक्षीने पदर नसताना तोंडावर घ्यायला पदर शोधला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते. पेन खाली ठेव. तीन वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, शिक्का आहे माझ्याकडे." मी पर्सवर हात ठेवला. "आणि आज तुझा पण दाखला तोंडी देते, ऐकून घे. मल्हारी, वर्तणूक चांगली. प्रगती काही नाही. याच वर्गात परत बसवायला पाहिजे."